तळ्याला चुना

२ मार्च, सकाळ
आजपासून तळं माझ्या देखरेखीखाली. ह्यांनी हौसेने सोडलेले मासे कमी होताहेत. मे महिन्यात नात येतेय, तिला आजोबांचे मासे दाखवायचं कबूल केलंय. दाखवणारच. संशयित एकच, पलीकडच्या काठावरचे भाऊजी. सख्खे दीर असले म्हणून काय झालं! साबणाचं पाणी ओतत असणार.

९ मार्च
पकडले! होडीतून पांढरी पूड टाकत होते. काय आहे विचारलं, तर म्हणाले, "चुना, वहिनी." मलाच चुना लावतात! म्हणे पाणी आंबट झालंय, चुन्याने आंबटपणा उतरतो. तळं आहे की लिंबू? भाऊजी आमच्या कॉन्व्हेंटमध्ये असते तर सिस्टरनी बाकावर उभं केलं असतं.

१० मार्च
वनखात्याकडे तक्रार. इंग्रजीत. म्हणजे घाबरतील.

२१ मार्च
घाबरले. चुना बंद, पोती जप्त. भाऊजींचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. बघितलं. दुर्बिणीतून.

११ एप्रिल
पाणी काय नितळ! तळाचा खडा न् खडा दिसतो. बेडकांची कटकटसुद्धा थांबली. शिस्त लावली की असं होतं.

२७ एप्रिल
वनखात्याने पाणी तपासायला एक बाई पाठवली. म्हणे खालच्या शहरातल्या कारखान्यांचा धूर वाऱ्याने इथवर येतो, पावसात, धुक्यात मिसळून त्याचं आम्ल होतं, ते झाडांवर उतरतं, तिथून निथळून तळ्यात. इथल्या दगडात आम्ल मारायची ताकद नाही. उलट मातीतलं अ‍ॅल्युमिनियम सुटतं आणि माशांच्या कल्ल्यांत बसतं. इतकं नितळ पाणी म्हणजे मेलेलं पाणी, म्हणे.
उद्धट! धुराचं मला सांगते. शहरात राहायचो तेव्हा घराशेजारच्या कारखान्याचं धुराडं मीच भांडून दुप्पट उंच करून घेतलं. तेव्हापासून तिथल्या गच्चीवर काजळीचा कण नाही. धूर गेला तो गेलाच.
हिला भाऊजींनीच फितवलंय.

६ मे
नात आली. काठावर पालथी पडून किती वेळ बघत होती. म्हणाली, आजी, तळ छान दिसतो, पण मासे कुठायत?
म्हटलं, लाजतात.

८ मे
नातीला घेऊन भाऊजींकडे गेले. सहज. भिंतीला थोडा चुना हवा होता. म्हणाले, "आता परवानगी लागते, वहिनी. तुमचीच कृपा." मग नातीला परसात नेलं. सिमेंटची टाकी. त्यात ह्यांचे चार मासे, चोरून आणून ठेवलेले.
टाकीतलं पाणी हिरवं, गढूळ.
नात म्हणाली, आजी, मी इथेच राहू?