अख्खं गाव एका घरात

४ जानेवारी

चि. धाकट्यास ताईचे आशीर्वाद. इकडे खुशाली होती, ती तू घालवलीस.

काल तुझ्या पाणीखात्याची माणसं माझ्या अंगणात चुन्याच्या रेघा मारून गेली. चाळीस संडास बांधायचेत म्हणे, माझ्या दारात! वर मैल्याचा खड्डा विहिरीला चिकटून. मी विचारलं, घरात माणसं दोन नि एक मांजर, आम्ही काय दिवसभर तेच करत बसायचं? तर साहेब म्हणाला, कागदावर या घरात दोनशे बारा माणसं राहतात, बाकीची घरं रिकामी.

अरे, समुद्राकाठच्या सगळ्या विहिरी खारट, गोड पाणी तेवढं माझ्या विहिरीला. सकाळी अख्खं गाव घरांना कड्या घालून घागरी घेऊन माझ्याकडे असतं. तुझे शहाणे नेमके तेव्हाच डोकी मोजून गेले. विहीर नासली तर गाव काय पिणार, तुझं डोकं? लोभ आहेच, आधी खड्डा हलव.

ताई

१९ जानेवारी

ती. ताईस सा. न. वि. वि.

चाळिसांतला एक भावोजींसाठी राखून ठेव, पेपर घेऊन आत गेले की ते लवकर बाहेर येत नाहीत. चेष्टा पुरे. आकडा मी खोडला तर बहिणीचं अंगण वाचवलं म्हणतील. म्हणून फेरमोजणी मंजूर करून घेतली आहे. त्या सकाळी सगळ्यांना आपापल्या घरी बसव. राग कमी व्हावा, माया तेवढीच असावी.

तुझा धाकटा

७ फेब्रुवारी

चि. धाकट्यास आशीर्वाद, पण थोडेच.

दारोदार फिरून मी सगळ्यांना घरात डांबलं. तुझी माणसं थेट माझ्या अंगणात! मी म्हटलं, घरोघर जा. ते म्हणाले, कागदावर ती घरं रिकामी आहेत, रिकाम्या घरात माणसं मोजता येत नाहीत. हे कळल्यावर ‘आम्ही घरीच होतो’ असं सांगायला अख्खं गाव धावत माझ्या अंगणात आलं. लगेच मोजलं. आता दोनशे तेरा झालो. एक मोजणीवाला विहिरीवर तोंड धूत होता, तोही धरला.

आता नीट ऐक. सगळे माझ्या घरात राहतात ना? मग नकाशावर एकच घर काढ. एकेक घर म्हणजे माझी खोली, गल्ल्या म्हणजे व्हरांडे. खोलीखोलीत नळ नि संडास. मैला कोणी विहिरीपाशी ठेवतं का? तो परसात. माझं परस उताराच्या टोकाला, शेवटच्या घरापलीकडे. एवढं जमत नसेल तर तोंड दाखवू नको.

ताई

२ मार्च

ती. ताईस सा. न. वि. वि.

नकाशा मंजूर! घर हवेशीर आहे म्हणून मोठ्या साहेबांनी कौतुक केलं. मधे मधे छप्पर का नाही, एवढंच विचारलं. पुढच्या टप्प्यात घालू म्हणालो.

धाकटा

११ डिसेंबर

चि. धाकट्यास भरभरून आशीर्वाद.

खोलीखोलीत पाणी आलं. विहीर शाबूत आहे. पण शेजारीण, जी इतकी वर्षं माझ्याशी बोलत नव्हती, ती आता न विचारता स्वयंपाकघरात शिरते. घर एकच आहे म्हणते.

सकाळी अंगण मात्र ओस पडतं. कोणी भांडायलासुद्धा येत नाही. मग मीच निघते, आज या खोलीत चहा, उद्या त्या खोलीत. तू आलास की दिसेल त्या दारात शिर नि हाक मार. मी घरातच असेन.

ताई