मागायचे राहून गेले

अंत्युखिया, अपेलायोस महिना, तारीख ३

ती. स्व. मारिनसदादास,
सा. न. वि. वि. तुझ्या लेखनिकांनी लघुलिपीत उतरवलेले रविवारचे प्रवचन काल खेचरवाल्याने पोहोचवले. ते कोरलेली मेणपट्टी एकही फुटली नव्हती. स्वच्छ प्रत करायला घेतली आहे.

त्याच थैलीत डोम्निना मावशीचे पत्र होते. तिच्या रुग्णघरातले धान्य दहा तारखेला संपते. मग एकोणीस आजाऱ्यांना तिला बाहेर काढावे लागेल. तुझ्या प्रवचनावर तिची सारी भिस्त होती. लोकांनी टाळ्या वाजवल्या, अंगावरची वस्त्रे हवेत फिरवली आणि घरी जाऊन जेवले. एक दाणा आला नाही.

म्हणून मी प्रत तपासली. भूक म्हणजे समुद्र, मग वादळ, मग लांडगीण, मग पुन्हा समुद्र. आपल्याला शब्दच सुचत नाहीत असे तू तीनदा म्हणतोस, आणि तिन्ही वेळा पुढे दोन पट्ट्या भरतात. टाळ्यांच्या खुणा चौदा. धान्य आणून द्या, असे वाक्य कुठेही नाही. दोनदा शोधले. दादा, तू मागायलाच विसरलास.

लोभ आहे तेवढा असू दे. वाढवायचा झाल्यास दृष्टांत नकोत.
अम्मिया

लावदिकीया, अपेलायोस, तारीख ९

चि. अम्मिया हिस अनेक आशीर्वाद.
पत्र वाचून वाईट वाटले. तू अक्षरे उतरवायला शिकलीस, मी मने हलवायला. वक्तृत्वशाळेत सहा वर्षे काढली आहेत. गुरुजी सांगत, उघड मागू नये, श्रोत्याला आपणहून पोहोचू द्यावे. मावशी म्हणते, पोहोचले की, आपापल्या घरी.

तरी काल प्रयत्न केला. मागण्याआधी थोडी प्रस्तावना हवी, म्हणून दुष्काळासाठी धान्य साठवणाऱ्या योसेफाच्या कोठारांपासून सुरुवात केली. मिसर देशात शिरलो, नाईलला पूर आला, टाळ्या सुरू झाल्या, आणि स्त्रियांच्या बाजूने मावशी उभी राहिली. भर प्रवचनात! म्हणाली, मारिनस, नदी राहू दे, पोती किती हवीत ते बोल. मी दचकून तीस म्हणून गेलो. मग ती लोकांकडे वळली आणि म्हणाली, ऐकलंत ना, उद्या सकाळी आणा.

आज एकतीस आली. कोणीच बाहेर जाणार नाही, आनंदच आहे. पण सोबत पाठवलेल्या या प्रवचनाची प्रत बिशपसाहेबांकडे जायची आहे. वसंतात तुमच्या मोठ्या चर्चसाठी ते प्रवचनकार निवडणार आहेत. तेव्हा मावशीचे बोलणे गाळ आणि तिथे नाईलवर चार ओळी घाल. टाळ्या ठेव.

रागावलो असलो तरी तुझाच,
दादा

अंत्युखिया, औदिनायोस महिना, तारीख २

ती. स्व. मारिनसदादास,
सा. न. वि. वि. पोती आल्याचे कळले, जीव भांड्यात पडला. मावशीची वाक्ये ठेवली. नाईलच्या ओळी घातल्या नाहीत, कारण तू त्या बोलला नव्हतास.

बिशपसाहेबांनी प्रत माझ्यासमोरच वाचली. मिसरपर्यंत दोन जांभया दिल्या. मावशीपाशी येऊन हसले आणि तेवढा भाग पुन्हा वाचला. म्हणाले, मारिनसला बोलावू, पण त्या बाई पहिल्या रांगेत बसल्या पाहिजेत.

मी मावशीला कळवले. उत्तर आज आले. एकोणीस आजारी टाकून ती येत नाही म्हणते.

तेव्हा दादा, तूर्त तू तिथेच आहेस. थंडी फार पडली आहे म्हणतात, छाती झाकून बोलत जा. माया आटू देऊ नकोस.
अम्मिया