वैनीच्या कल्पना मॅडम

४ डिसेंबर
करू न्हाय ते केलं. खोटी कंपनी काढली. 'पॅरट ग्लोबल सर्व्हिसेस, पुणे.' ऑफिस असिस्टंट पायजेत, कुठलाबी पदवीधर चालंल, घरून काम. मोबाइलवरच जाहिरात बनवली, मधोमध हिरवा पोपट, खाली नवा काढलेला इमेल. आन् आमच्या कॉलेजच्या ग्रुपवर फॉरवर्ड आल्यासारखी सोडून दिली.
सगळं माझ्या वर्गातल्या बाळ्याची जिरवाय. बीए झाल्यापासनं रोज पारावर, चार लोकांत, "पंड्या, तुझ्या थर्ड क्लासला गुऱ्हाळावर बी घेत न्हाईत." म्हणलं थांब.
एवढा मोठा पोपट काढलाय. एकाला शंका आली न्हाय. शिकलेली पोरं.

६ डिसेंबर
बाळ्याचा अर्ज आला! रेझ्युमे नेटवरनं उचललेला. बापाचं नाव बदलायचं राहून गेलं. बाळ्या आता कुण्या राजेंद्रकुमारचा पोरगा हाय, मुक्काम कानपूर. तोंडात टॉवेल कोंबून हसलो. आई म्हणली, "काय रं, दाढ दुखायली का?"
जाहिरात कुठं कुठं गेली म्हणावं. कळंब, परंडा, नळदुर्ग. अर्जच अर्ज. सगळ्यांचं एकच गाणं, रिस्पेक्टेड सर, मी हार्डवर्किंग आहे. मीबी सा महिने सगळीकडं हेच पाठवायलोय. एकदा तिकडच्या खुर्चीत बसून बघितलं की कळतंय कुणी उत्तर का देत न्हाय.

७ डिसेंबर
खेळ बास. सगळ्यांना 'जागा भरली' पाठवणार होतो. त्याच्या आदी एक अर्ज उघडला.
फोटो लग्नातला, कापलेला. खांद्यावर कुणाचा तरी हात. हातातलं कडं वळखीचं. दादाचं. पत्ता आमच्याच घराचा.
मनीषा वैनी. दादाची बायको.
बी.कॉम., फर्स्ट क्लास. टॅली. टायपिंग, मराठी आन् इंग्रजी. लग्न होऊन एवढे दिवस झाले, मला ठाऊकच न्हाय. मला वैनी म्हंजे भाकरी आन् चहा.
खाली लिहिलंय, "कृपया फोन करू नये, घरी माहीत नाही. इमेलच करावा. खूप ठिकाणी अर्ज केले, एकानेही उत्तर दिले नाही. हा शेवटचा. यानंतर मी हा विषय सोडणार आहे."
मोबाइल पालथा ठेवला. परत उचलला. परत पालथा.

८ डिसेंबर
खरं सांगावं तर तिचं चोरून केलेलं माझ्या हातात आलंय हे कळणार. मेल्याहून मेल्यासारखं व्हईल तिला. 'जागा भरली' म्हणावं तर ती सोडणार. गप बसावं तरी सोडणार.
सकाळी चहा देताना म्हणली, "भावजी, लई गप? कुणी मारलं का काय?"
बाकीच्यांना 'जागा भरली, क्षमस्व' गेलं. बाळ्याला येगळं, 'आपल्या वडिलांची कानपूरला चौकशी चालू आहे.'
आन् वैनीला उत्तर लिहिलं. सही: कल्पना मॅडम, एचआर. (पुढं क.मॅ.) "तुमचे शिक्षण चांगले आहे. आमची जागा तुमच्यासाठी लहान आहे. तुमच्या रेझ्युमेत चुका आहेत. मी सांगते तसे सुधारा, आणि अर्ज करणे थांबवू नका." चार वाक्यं शुद्ध लिहिताना बगलंत घाम आला.
स्वयंपाकघरातनं भांडं पडल्याचा आवाज. मग गुणगुणणं. वाचलं म्हंजे.

१२ डिसेंबर
क.मॅ. जोरात. हार्डवर्किंग काढा, काय काय येतं ते लिहा. लग्नातला फोटो चालणार नाही, पांढऱ्या भिंतीपुढे साधा काढा. मी ओसरीवर, वैनी चुलीपाशी, मधी एक भिंत. मेल मात्र पुण्याहून येतोय.
दुपारी वैनी म्हणली, "भावजी, एक फोटो काढा माझा. माहेरी पाठवायचाय." चुन्याच्या भिंतीला टेकून उभारली.
"हसू नका वैनी, रेझ्यु... रेशनकार्डाला हसलेलं चालत न्हाय."
"माहेरी पाठवायचाय म्हणलं की मी."
"तिथंबी न्हाय चालत."
लई येळ बघत होती माझ्याकडं. मी भिंतीकडं.

१७ डिसेंबर
वैनीचा क.मॅ.ला मेल. एका कंपनीनं अर्ज टाकल्या टाकल्या निवड केली, आता नोंदणीची फी भरा म्हणायलेत, भरू का?
मी बघितलं. ऑफिसच्या बिल्डिंगचा फोटो नेटवर शोधला तर बिल्डिंग दुबईला! चोराच्या वाटा चोराला ठाऊक. क.मॅ. कडक बोलल्या, "नोकरी देणारा पैसे देतो, मागत नाही. नंबर ब्लॉक करा." आपल्या खोट्या कंपनीनं कुणाला रुपया मागितला न्हाय. इज्जतीची खोटी.
मग खरी नोकरी धुंडाळाय बसलो. साइटवर 'धाराशिव' टाकलं की सगळ्या पुण्याच्या जागा. डोस्कं फिरलं. सहज 'उस्मानाबाद' टाकून बघितलं, तर जागाच जागा! जिल्ह्याचं नाव बदललं, पर नोकऱ्या टाकणारं कैक जण अजून जुन्याच नावाखाली टाकायलेत. आमी पोरं नव्या नावानं शोधतोय आन् बोंबलतोय नोकरी न्हाय म्हणून.
त्यातच घावलं. गावातल्या, म्हंजे धाराशिवातल्या, एका दूध डेअरीच्या ऑफिसात हिशोबाला माणूस पायजे, टॅली येणारा. आमच्या तेरहून एसटीनं जाऊन येऊन करण्यासारखं. क.मॅ.नं लगीच लिंक धाडली. वैनीनं भाकरी तव्यावर ठेवून अर्ज भरला. भाकरी जळली. दादानं काळा पापुद्रा काढून खाल्ली.

२० डिसेंबर
आजचा मेल. आहे तसाच उतरवतो.
"मॅडम, एक विनंती. आमचा दीर आहे, पांडुरंग. हुशार आहे पण वात्रट. नोकरी शोधतो आणि कुणी उत्तर दिलं नाही की हसण्यावारी नेतो. मला कळतं. त्याच्यासाठी काही असेल तर बघावं. रेझ्युमे मी बनवला आहे. त्याला सांगू नये."
माझा रेझ्युमे. थर्ड क्लास कुठंच न्हाय, 'बी.ए. उत्तीर्ण'. काय येतं: मोबाइल व कॉम्प्युटर, ट्रॅक्टरची बारीकसारीक दुरुस्ती, अनोळखी माणसाशी पटकन ओळख, कुणाचाही आवाज काढणे.
मी सोता लिहिलेल्या माझ्या रेझ्युमेत असलं एकबी न्हाय.
क.मॅ.नं चारदा लिहून खोडलं. शेवटी, "मुलगा कामाचा वाटतो. बघते." आन् त्योच रेझ्युमे आवाजाचं तेवढं काढून लातूरच्या एका ट्रॅक्टर शोरूमला टाकला. उगं न्हाय, मला ती नोकरी जमंल.

२३ डिसेंबर
घोळ.
दादा उसाचा ट्रॅक्टर चालवतो, ढोकीच्या कारखान्यावर. रातच्याला जेवताना म्हणतो, "आज गंमतच झाली. एक बाई फोन करून मनीषा मॅडम हायत का, मनीषा मॅडम हायत का. इंजिनचा आवाज, काय कळंना. म्हणलं कोण मॅडम? राँग नंबर. ठिवला."
वैनीचा हात परातीत तसाच राहिला.
आई म्हणली, "नाव मातर बरुबर आपल्या मनीषाचं."
"जगात काय एकच मनीषा हाय व्हय?" दादा. आन् ठेचा मागितला.
आमच्याकडं बाईच्या कुठल्याबी कागदावर नंबर नवऱ्याचा. रेशनला त्योच, ग्यासला त्योच, बँकंत त्योच. हात आपसूक त्योच लिहितो. वैनीनं बी त्योच लिहिला. आन् क.मॅ., एवढी शहाणी बाई, फोटो बदला, हार्डवर्किंग काढा, रेझ्युमे इतक्यांदा तपासला. नंबर बघितलाच न्हाय.
वैनीचा मेल आला, एकच ओळ. "मॅडम, राहू दे. आमच्या घरात हे होणार नाही."

२४ डिसेंबर
पयला इचार आला, क.मॅ.चा आवाज काढून दादाला फोन लावावा. मला जमतंय. आरशापुढं "नमस्कार, मी पुण्याहून बोलतेय" म्हणून बघितलं. झकास आला. पर ते कसंतर वाटलं. ती बाई फोनवर बोलली की वैनी म्हणणार भेटायचंय, दादा म्हणणार पत्ता द्या. आन् दादाला फसवून वैनीचं काम झालं तर ते वैनीचं राहत न्हाय.
म्हणून सरळ दादासंगं ट्रॅक्टरवर बसून ढोकीला गेलो. कारखान्याबाहेर लांबच लांब रांग, नंबर लागाय येळ. ऊस मोडून खात बसलो.
"दादा, कालचा राँग नंबर. ती मनीषा आपलीच."
चावायचा थांबला. "तुला काय ठाऊक?"
"हाय ठाऊक. डेअरीत हिशोबाची नोकरी हाय. वैनीला मार्क तुझ्या माझ्या मिळून बी न्हाईत एवढे हायत."
दादा हातातलं कांडं फिरवत बसला. मागचा ट्रॅक्टरवाला हॉर्न मारून दमला. मग म्हणला, "मला का सांगितली न्हाय ती?"
"सांगायच्या आदी तूच राँग नंबर म्हणलास की."
चोथा थुंकला. वाटलं आता कानाखाली. तर मोबाइल काढला, कालचा नंबर लावला, इंजिन बंद केलं. रांगंत पयल्यांदाच इंजिन बंद केलं असंल त्यानं.
"हॅलो. कालचा राँग नंबर बोलायलोय... व्हय व्हय, त्योच. त्या मॅडम हायत. घरी हायत. मी त्यांचा मालक... न्हाय न्हाय, मालक म्हंजे तसा न्हाय. नवरा."
तिकडची बाई हसली, मला इथवर ऐकू आलं. एकतीसला इंटरव्ह्यू, कागदपत्रं घेऊन या.
दादा म्हणला, "घरी मी सांगणार. तू तोंड उघडायचं न्हाय." कबूल.

२५ डिसेंबर
दादानं काल रातीच सांगितलं, ताटावर बसून, भाजीचा भाव सांगावा तसं. "एकतीसला धाराशिवाला बोलीवलंय तुला. आधारकार्डाची झेरॉक्स काढून ठेव." वैनी पदर तोंडाला लावून वळली, धूर डोळ्यात गेल्यासारखी. धूर नव्हता. ग्यासवर होती.
आई: "आन् सकाळच्या भाकऱ्या कोण थापणार?"
मी: "मी की."
आई: "तुझ्या भाकरीचा नकाशा व्हतोय."
दादा: "नकाशा तर नकाशा. खाऊ."
आई अजून पुरती मानली न्हाय. पर सकाळी वैनीची चांगली हिरवी साडी उन्हात टाकली होती. कुणी टाकली इचारलं तर म्हणली, वास मारायली होती.

२८ डिसेंबर
क.मॅ. रोज तयारी करून घेतात. तुमच्याबद्दल सांगा. नोकरी का पाहिजे. वैनीनं शेवटच्याचं उत्तर पाठवलं, "मला येतं म्हणून." क.मॅ.नं त्याला हात लावला न्हाय.
बाळ्या भेटला. चिडलाय, "त्या पॅरटवाल्यांनी माझ्या बापाची कानपूरला चौकशी का लावली रं?" म्हणलं बाळ्या, चल, तुझा रेझ्युमे नीट करून देतो. बसवून करून दिला, खरा बाप टाकून. जुन्या नावानं शोधायचं बी दाखवलं. त्याला वाटतंय मी सुधारलो.

३१ डिसेंबर
वैनी सकाळच्या एसटीनं. दादा सोडाय गेला, ट्रॅक्टर रांगंत दुसऱ्याच्या हवाली करून. मी भाकऱ्या थापल्या. आईनं एक उचलून धरली आन् म्हणली, "ह्यो नकाशा सोनारीच्या वाटंवरच्या तळ्याचा दिसायलाय." पर खाल्ली.
परत आल्यावर वैनी धा येळा तेच सांगायली. कॉम्प्युटरवर बसवलं, बिलं टाकाय लावली, टाकली. सायबानं इचारलं नोकरी का पायजे, मला येतं म्हणून म्हणलं. सायब गप झाला.
"चांगला गप का वाईट गप?" दादा.
"मला काय म्हाईत? त्याचं तोंड तसलंच हाय."
शुक्रवारी कळवतो म्हणलेत. होणार. मी सांगतो, होणार. शोरूमचं माझंबी बोलावणं आलंय, पुढल्या आठवड्यात लातूर. तेबी होणार.

१ जानेवारी
आज वैनी पीठ मळायली होती. "भावजी, हिकडं या. माझ्या मोबाइलवर एक मेल लिहा बरं, माझे हात भरलेत. पुण्याच्या एक मॅडम हायत, तुमच्या वळखीच्या न्हाईत."
बसलो पाटावर. ती सांगती, मी लिहितो.
"मॅडम, निकाल यायचा आहे. लागो न लागो, तुम्हाला सांगायचं राहिलं... लिहिलं का?"
"लिहिलं."
"एवढ्या अर्जांत तुम्ही एकट्या उत्तर दिलंत. त्या दिवशी दिलं नसतं तर मी सगळे कागद ट्रंकेत घालून टाकणार होते... भावजी, डोळ्यात काय गेलं?"
"पीठ."
"तुमी तर लांब बसलाव. बरं, लिहा. एकदा तेरला या. भाकरी खाऊन जा. पाठवा आता."
पाठवला.
आन् माझ्या खिशात टिंग वाजलं.
वैनी मळायची थांबली. खिशाकडं बघितलं. "बघा की, कुणाचं हाय."
"क्रिकेटचा स्कोर."
"आज मॅच हाय?"
"असंल की कुठंतर."
परत मळाय लागली. मान खाली, तोंड दिसंना. "मॅडमचं उत्तर लगीच येत असतं," म्हणली. "बसा इथंच भावजी. बघू आज किती येळ लागतोय."
बसलो. ती गोळे करायली, मी पाटावर, दोघांचे मोबाइल गप. शेवटी "आईनं हाक मारली" म्हणून सुटलो. आईनं हाक मारली नव्हती.
क.मॅ.नं अजून उत्तर दिलेलं न्हाय. काय लिहावं त्यांनी?
ही वही कुणाच्या हाताला लागलीच, तर बाबा, ताई, जो कोण असशील, हात जोडतो, पाया पडतो, कुणाला बोलू नको. बाळ्याला न्हाय, दादाला न्हाय. वैनीला तर न्हाईच न्हाय. तिला म्हाईत असलं तरीबी न्हाय.