मालकाची खांदेमळणी

बेलापूर,
पोळ्यानंतरचा तिसरा दिवस, १९७२

तीर्थरूप आसारामदाजी यांच्या चरणी धाकट्या मेहुण्याचा, म्हणजे कारभारीचा, पालथं पडून दंडवत. (पालथंच, उताणं पडायची सध्या सोय नाही, कारण पुढं येईल.) आक्काचे गुडघे बरे आहेत ना? तुमचा सरबताचा कारखाना जोरात चालला असेल.

दाजी, जिंकलो! वेशीचं तोरण यंदा आपल्या सर्जानं तोडलं! इतकी वर्षं तो मान रंगनाथच्या बैलाचा, अन् वर्षभर त्याच्या मिशांचा पीळ आम्ही बघायचा. यंदा उतरवला. सगळी पुण्याई तुम्ही धाडलेल्या मोसंबीच्या सालीच्या तेलाची. तुम्ही बजावलं होतं, वाटीभर गोड्या तेलात चार थेंब, निखळ अंगाला लावू नका, लावलंत तर उन्हात जाऊ नका, दिव्यापासून लांब ठेवा. आमच्या कारभारणीनं, छबूनं, सर्जाच्या शिंगांना अगदी तसंच चोळलं. पण आदल्या दिवशी बैलाच्या खांद्यांना हळद-लोणी लावताना माझ्या मनात आलं, नांगर धरणाऱ्या खांद्यांनी काय पाप केलंय? म्हणून पोळ्याच्या सकाळी मी गुपचूप स्वतःची खांदेमळणी केली, निखळ तेलानं, अन् उघड्या अंगानं नदीवर बैल धुवायला गेलो. पावसानं डोळे वटारलेले, ऊन चैतातलं. चुरचुरलं, पण म्हटलं तेल गुण दाखवतंय.

वेशीपाशी दोन्ही बैल बरोबरीनं आले. रंगनाथच्या बैलानं सर्जाची शिंगं हुंगली, नाक वर केलं अन् मागच्या मागं थेट वाजंत्र्यांत घुसला. हलगीवाला अजून टिपरू शोधतोय. आपला सर्जा मोसंबीच्या बागेत वाढलेला, त्याला तो वास घरचा. सासुरवाडीत जावई शिरावा तसा तोरणाखालून गेला.

दुसऱ्या दिवशी खांद्यांवर टरारून फोड, अन् त्याच दिवशी चावडीवर सत्कार! सरपंच आप्पासाहेबांनी फेटा बांधला अन् "वा रे गड्या!" म्हणून खांद्यावर थाप हाणली. मग सगळ्या गावानं हाणली. माझ्या डोळ्यांना धारा. लोक म्हणाले, "कारभारीला लई गहिवरून आलंय." म्हणू दिलं. रंगनाथनं तर दोन हाणल्या, सगळ्यांत जोरात. देवाशपथ सांगतो दाजी, त्यासुद्धा गोड लागल्या.

आपला विजयी,
कारभारी

ता. क. डॉक्टरांनी उन्हाची बंदी केलीय. तरी पुढच्या पोळ्यासाठी आणखी एक बाटली धाडा. रंगनाथला वासाचं गुपित कळता कामा नये, छबूलाही या नव्या बाटलीचं कळवू नका, तिच्या पोटात काही राहत नाही.

ता. क. दुसरा. दाजी, मी छबू. पत्र पेटीत टाकायला माझ्याच हाती दिलंय. बाटल्या दोन धाडा, एक आपल्या सर्जाला, एक रंगनाथभावजींच्या बैलाला. त्यांच्या बायकोनं आजपासून गोठ्यात मोसंबीच्या साली टांगल्यात, बैलाला सवय व्हावी म्हणून. मीच सांगितलं तिला.