गल्लीने लपवलेलं दुकान

६ नोव्हेंबर

दिवाळी संपली की माझी दिवाळी सुरू. चकलीची भाजणी, अनारशाचे तांदूळ, सगळा राग मिक्सरवर काढून झाला की तो मिक्सर माझ्याकडे येतो. आज पुढच्या खोलीतली फळी भरली. हुडकेश्वरच्या आमच्या गल्लीत एकही घर नाही की ज्याच्या मिक्सरचं पोट मी पाहिलेलं नाही.

खांदा फार दुखतो. हातसायकल हातानेच फिरवायची, कुबडीही त्याच हातात. डॉक्टर म्हणाले, पाय पोलिओने नेला, खांदा तरी स्वतःहून घालवू नका, हातसायकल सोडा. सोडतो. मग रिंग रोडपलीकडच्या फ्लॅटवाल्यांचे मिक्सर काय चालत येणार?

९ नोव्हेंबर

सुधाकर आला होता. आमच्या दिव्यांग मंडळातला, योजनांचा चालता-बोलता फलक. बॅटरीची तीनचाकी गाडी देऊन राहिले म्हणे. मागे फळ्या, सामान ठेवायला जागा. फिरतं दुकानच.

"भर ना गा फॉर्म. तुह्या खांद्याले आराम."

अट एकच. धंदा आधीपासून असला पाहिजे. चौकशीला माणूस घरी येतो, डोळ्यांनी पाहतो, मग पुढचं.

इकडे मला महिन्याला मिळणाऱ्या नि.च्या पैशांचं उलट. तिथे धंदा दिसला की पैसे बंद. मागच्या गल्लीतल्या सुभाष टेलरचं मागल्या वर्षी तेच झालं. शिलाई मशीन दिसली, पैसे गेले.

(वहीत मी नि. एवढंच लिहितो. निराधार असा पूर्ण शब्द लिहायला हात वळत नाही. सरकारी कागदावर दर वर्षी त्याखाली सही करतो, तेवढं पुरे.)

१० नोव्हेंबर

शीलाला सांगितलं. भाकरी थापत होती, थापायची थांबली.

"हातचं सोडून पळत्याच्या पाठी काहून लागता?"

म्हटलं, खांदाच गेला तर हातचं काय राहील?

"गाडी भेटली तं ठीक. नाही भेटली, अन् थेही बंद झालं, तं?"

मी रागावलो. ती दोन घरचा स्वयंपाक करून येते. नि.च्या पैशांत आमचा किराणा निघतो. तो गेला तर तिलाच तिसरं घर धरावं लागेल. तिने घाबरायचं आणि मी चिडायचं, अशी आमची वाटणी लग्नापासूनची.

भाकरी करपली. दोघांनी तशीच खाल्ली.

१४ नोव्हेंबर

फॉर्म भरला. शीलाला विचारून. "भरा" म्हणाली, पण माझ्याकडे न बघता.

व्यवसाय: मिक्सर व कुकर दुरुस्ती. सरकारी कागदावर असं पहिल्यांदाच लिहिलं. घरी येईपर्यंत खुशीत होतो. उगाच संत्री घेतली.

२० नोव्हेंबर

तहसील. गाडीच्या फॉर्मला उत्पन्नाचा नवा दाखला पाहिजे. टेबलावरच्या मॅडम म्हणाल्या, "काका, तुम्ही नक्की काय आहात ते एकदा ठरवा. निराधार की व्यावसायिक?"

"दिवाळीनंतर व्यावसायिक, मॅडम. पावसाळ्यात निराधार."

हसल्या. दाखला मात्र पुढच्या आठवड्यावर ढकलला. गाडी मिळाली तर नि. बंद होईल का, असं विचारलं. एका टेबलावर हो, दुसऱ्या टेबलावर नाही, तिसऱ्या टेबलावर जेवणाची सुट्टी.

८ डिसेंबर

विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन. तहसीलचं निम्मं ऑफिस तिकडे ड्यूटीवर, उरलेलं त्यांची वाट पाहत. मोर्चांमुळे रस्ते बंद, गांधीबागेच्या बाजूने फिरून घरी आलो. खांद्यावर रात्री शीलाने शेक दिला. बराच वेळ दिला.

२३ डिसेंबर

लिहिणारच नव्हतो. लिहितो.

सकाळी आंघोळीला बसलो होतो. मला वेळ लागतो, हे सगळ्या गल्लीला माहीत आहे. बाहेर पळापळ ऐकू आली, फळीवर खडखडाट. वाटलं मांजर शिरलं. कपडे करून बाहेर आलो तर फळी रिकामी! एकही मिक्सर नाही. दारावरची दुकानाची पाटी गायब. समोरच्या मंदाकाकू माझे पाने-पेचकस पदराखाली घेऊन निघाल्या होत्या.

"चूप राह्य गा दिवाकर! फाइलवाला आला. कोपऱ्यावर तुहा पत्ता पुसून राहिला. झोप लवकर."

"पण काकू..."

"झोप म्हटलं ना!"

शीला कामावर गेलेली. मी खाटेवर आडवा, शाल गळ्यापर्यंत. सुभाष टेलरचं झालं तेव्हापासून गल्लीतल्या बायकांनी हे आपसात ठरवून ठेवलं होतं. फाइलवाला दिसला की दिवाकरचं दुकान उचलायचं. मला आज कळलं. ज्यांचे मिक्सर नव्हते त्यांनीही हाताला लागला तो उचलून नेला.

साहेब आले. भला माणूस, चपला बाहेर काढल्या. स्टुलावर बसले, फाइल मांडीवर.

"कामधंदा काही करता का?"

मलाही वाटलं, नि.चीच चौकशी. हत्यारं घरी ठेवून परतलेल्या काकूंकडे मी पाहिलं.

"कायचा धंदा, साहेब! त्याले उठता-बसता येत नाही. बायको रांधते तवा खाते बिचारा."

मी खोकलो. कोणी सांगितलं नव्हतं. आपणहून खोकलो.

साहेबांनी रिकाम्या फळीकडे पाहिलं, लिहिलं, उठले. फाटकापाशी स्कूटरवर बसताना स्वतःशीच बोलावं तसं बोलले, "धंदाच नाही, तर फिरतं दुकान कशाला मागितलं याने?"

शाल फेकली. कुबडी शोधली. तीही काकूंनी लपवलेली! कुबडी दिसली की माणूस हिंडता-फिरता वाटतो म्हणे. भिंत धरत दारापर्यंत पोचलो, "साहेब, साहेब" करून ओरडलो. स्कूटर वळून गेली होती.

संध्याकाळपर्यंत मिक्सर परत आले. ह्याचं भांडं त्याच्यावर, त्याचं झाकण तिसऱ्यावर. एरवी गल्ली आठवडाभर हसली असती. आज कोणी हसलं नाही. मंदाकाकू उंबऱ्याबाहेरच उभ्या राहिल्या, आत येईनात.

२४ डिसेंबर

काकूंनी पाटवडीचा रस्सा आणला. पातेलं ठेवलं आणि तोंडाला पदर लावला.

"मी तं चांगल्यासाठीच केलं वं शीला."

"माहीत आहे काकू. बसा."

मीही बसा म्हटलं. त्यांच्यावर काय रागावणार? माझ्यासाठी खोटं बोलायला अख्खी गल्ली तयार होती. खरं बोलायचं काम एकट्या माझं होतं, तर मी शाल ओढून घेतली.

रस्सा झणझणीत होता. दोनदा घेतला.

२५ डिसेंबर

शीला भांडी घासता घासता:

"खोटं काहून सांगू? परवा ऐकलं तवा मले बरं वाटलं. म्हटलं, चला, निदान थे पैसे तं वाचले. मंग तुमचं तोंड पाह्यलं."

पुन्हा भांडी घासायला लागली. त्यानंतर घरात जरा मोकळं वाटलं.

२९ डिसेंबर

गाडीवाल्या ऑफिसात गेलो. साहेबांनी ओळखलं.

"अहो, तुम्हाला तर उठता येत नव्हतं!"

सगळं सांगितलं. ते मध्येच हसले, मग गंभीर झाले. अहवालात लिहून झालंय, व्यवसाय आढळला नाही.

"पुन्हा येईन मी. पण आधी लेखी द्या. धंदा चालू आहे, आणि त्या दिवशी तो का दिसला नाही."

"लपवला होता म्हणून लिहू?"

"का लपवला?"

"माझ्या काळजीने."

पेन खाली ठेवलं त्यांनी. मग हळूच म्हणाले, नीट विचार करा. या कागदाची एक प्रत तहसीलला जाणार. तिथले लोक काय करतील, माझ्या हातात नाही. आणि गाडीचंही वचन देत नाही, अर्ज पुष्कळ आहेत.

म्हणजे दोन्ही मिळू शकतं, एक मिळू शकतं, दोन्ही जाऊ शकतं. कोरा कागद घेऊन घरी आलो.

४ जानेवारी

कागद कुकरच्या झाकणाखाली पडून आहे. शर्टाची बाही चढवताना हात वर जात नाही. आज शीलाने बटणं लावून दिली. लग्नात नवरदेवाला तयार करतात तसं उभं राहावं लागलं. म्हणालो तसं. हसली थोडीशी.

७ जानेवारी

रिंग रोडपलीकडे एक मिक्सर पोचवायला निघालो. अर्ध्यावर खांदा धरला, हात हलेना. हातसायकल कडेला घेऊन बसलो. ट्रक जात होते. मदत मागायची लाज, न मागायची भीती, असा बसून होतो. शीला कामावरून परतताना दिसली. तिनेही पाहिलं.

ओरडली नाही. मागे गेली आणि ढकलायला लागली. मिक्सर माझ्या मांडीवर, तिची पिशवी माझ्या गळ्यात, ती मागे. मला तिचं तोंड दिसत नव्हतं, श्वास ऐकू येत होता. म्हटलं, थांब जरा. "चूप बसा" म्हणाली. मी चूप बसलो.

घरी आल्यावर पाणी प्यायली, कुकरचं झाकण उचललं.

"घ्या. लिहा."

"आणि तेही बंद झालं तर?"

"पाहू नं मंग. मी रोज अशी ढकलत आणू काय तुमाले?"

लिहिलं. व्यवसाय चालू आहे. शेजाऱ्यांनी काळजीपोटी सामान हलवलं होतं. मी त्या वेळी खरं बोललो नाही, ते आता बोलतो. सही केली. सही करताना हात दुखला, पण ते खांद्याचं.

८ जानेवारी

शीला स्वतः कागद देऊन आली. मला नेलं नाही.

११ जानेवारी

साहेबांनी या वेळी आधी फोन केला. गल्लीला कळायला तेवढं पुरे.

सकाळी उठून बघतो तर फळी कधी नव्हे इतकी भरलेली! खाली जमिनीवरही मिक्सर. एक तर खोक्यात, कुणाच्या तरी लग्नातला, अजून वायरचं रबरबँडही सुटलेलं नाही. मंदाकाकू कमरेला पदर खोचून मांडणी करत होत्या.

"भरलेलं दिसलं पाहिजे ना गा. त्या दिवशीचं पाप फिटन."

"काकू, यातला बिघडलेला कोणता?"

"पाहिजेन तं एखादा बिघडवून आणतो."

हसावं की रडावं! सगळे परत न्यायला लावले. कुरकुरत नेले. उरले तीन मिक्सर आणि एक कुकर. खरं दुकान एवढंच. मीही आधी कधी असं मोजून पाहिलं नव्हतं, जरा वाईट वाटलं.

साहेब आले. पाटी वाचली. एक मिक्सर चालवून दाखवायला सांगितलं, दाखवला. कमाई विचारली. दिवाळीनंतर बरी, बाकी वर्ष जेमतेम, असं जसंच्या तसं सांगितलं. काकू दारात उभ्या होत्या. ओठ घट्ट मिटून. त्यांना किती जड गेलं असेल ते मी समजू शकतो.

फाइल मिटता मिटता साहेब म्हणाले, "अहवाल चांगला देतो. पण माणूस म्हणून विचारतो, दिवाकरराव. गाडी आली नाही आणि तेही बंद झालं, तर आधार कोणाचा?"

शीलाचाच प्रश्न.

ती स्वयंपाकघरातून बाहेर आली. हात पिठाचे.

"मी हाये ना, साहेब. पहिल्यापासूनच हाये. तुमच्या कागदात लिहायले कुठी जागा नोहती."

साहेबांनी डोकं हलवलं, चपला घातल्या, गेले. माझे डोळे भरून आले. काकूंनी पाहिलं, शीलाने पाहिलं. पाहू दे.

इतकी वर्षं नि.च्या त्या शब्दाखाली सही करत आलो, तेव्हा ही बाई शेजारी उभी असायची. बोटाला शाई लागली की पुसायला.

१६ जानेवारी

संक्रांत झाली. नि. या महिन्यात अजून आले नाहीत. उशीर असेल, होतोच, असं शीला म्हणते. मी हो म्हणतो. गाडीचा फोन नाही. खांदा आहे तसाच. फ्लॅटवाल्यांना कळवलंय, मिक्सर आणून द्यावे लागतील. दोघांनी आणले, बाकीचे नवीन घेतील.

शीलाने पाटी दारावरून काढली आणि बाहेर कंपाउंडच्या भिंतीवर, कोपऱ्यावरून दिसेल अशी लावली. थोडी तिरपी लागली आहे. सांगितलं नाही.

मंदाकाकूंनी हळदीकुंकवासाठी तीळ आणि गूळ एकदम मिक्सरात टाकले. पातं जाम, मोटर जळायची वाचली. मिक्सर काखेत घेऊन भर दुपारी, गल्लीच्या मधून, कोपऱ्यापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात:

"दिवाकर! दुकान उघडं हाये का गा?"

मी तोंड उघडायच्या आत शीला आतून ओरडली, "उघडं हाये काकू. या!"