दोन्ही नळ्या गार

प्रिय सूनबाई,

तुझं पार्सल मंगळवारी दुपारी पोचलं. आत निघालं ते येणेप्रमाणे: राखाडी पेस्टची एक सिरिंज, तीनशे दहा, पुसायच्या ओल्या कागदांचं पाकीट, साठ, लहान स्क्रूड्रायव्हर, एकशे चाळीस, टपालखर्च पंचाण्णव. एकूण सहाशे पाच. शिवाय तुझ्या गोल अक्षरातला एक कागद. बिल आतच ठेवलंस, बेरीज बरोबर आहे. मी दोनदा करून पाहिली, राग मानू नकोस, हाताला सवय आहे.

कागदाच्या शेवटी तू लिहिलंयस, यंत्र तापण्याचं कारण काय निघालं तेवढं कळवा, बाकी काही नको. तेच कळवायला बसले आहे. फोन केला असता, पण घरात फोन केला की बाळ विचारतो कोणाशी बोलतेस, आणि मेसेज तर तोच मला वाचून दाखवतो. मॅट्रिकपर्यंत शिकले ते पत्रापुरतं अजून पुरतंय. बाळ कामावर गेलाय, हे आत पडलेत, मी आत्ताच प्रार्थना आटोपून उठले आहे. मन शांत आहे.

तू गेल्यावर बाळने तुझा कम्प्युटर विकायला काढला, हे त्याने तुला सांगितलं नसणार, यंत्र अजून तापून बंद पडतंय एवढंच कळवलं असेल. एक गृहस्थ बघायला आले. मी चहा केला, बाळने पेटी चालू करून दिली, आणि त्यांचा कप अर्धा व्हायच्या आत पडदा काळा. पुन्हा लावली, पुन्हा काळा. गृहस्थ उठले, कपसुद्धा पुरा केला नाही. तुला जाऊन तेव्हा चार महिने झाले होते. तू नव्हतीस, तुझी ती घरांची चित्रं नव्हती, रात्रंदिवस यंत्राला जुंपणारं कोणी नव्हतं, आणि पेटी तशीच तापत होती. याचा अर्थ आम्हा तिघांनाही कळला. हे तेवढे आतून म्हणाले, बंब तापला, अंघोळीला कोण जातंय.

तो विनोद तू असतानाही रोज व्हायचा. ह्यांनीच पेटीला बंब नाव ठेवलं होतं, आत पाणी आणि खाली जाळ म्हणून. तू कितीदा समजावलंस की प्रोसेसरवर तांब्याची तबकडी बसते, तबकडीतून पाणी उष्णता घेतं, दोन नळ्यांतून वरच्या जाळीत जाऊन पंख्यांनी निवतं आणि परत येतं. हे ऐकून घ्यायचे आणि खांद्यावर टॉवेल टाकून तुझ्या दारात उभे राहायचे. आम्ही हसायचो. तूही हसायचीस पहिले काही दिवस. मग जेवताना आकडा सांगायला लागलीस, आज त्र्याण्णव, आज सत्त्याण्णव, आणि बाळ म्हणायचा, ताप मोजतेयस तर औषधही तूच दे, डॉक्टरीणबाई.

औषध तू मागितलं होतंस. हीच पेस्ट, तबकडीखाली नव्याने लावायला. मी नाही म्हटलं. नव्या वस्तूला मलम कशाला लागतं, असं म्हटलं, आणि मला ते तेव्हा फार शहाणपणाचं वाटलं. तुला तबकडी एकदा उचलून बघायची होती, तर बाळने स्क्रूड्रायव्हर काढून घेतला, आहे ते आणखी बिघडवशील म्हणाला. मग तू बाहेरून करता येईल ते सगळं केलंस. पंखे पुसलेस, पेटी भिंतीपासून ओढून घेतलीस, झाकण काढून टेबलफॅन समोर लावलास. टेबलफॅन मी बंद करायचे, माणसं घामाघूम असताना यंत्राला वारा घालणं मला पटेना.

त्या शेवटच्या मोठ्या कामाचं सांगते. अजून न बांधलेल्या घरांची दहा चित्रं, गुरुवारी द्यायची. सोमवारी यंत्र तीनदा बंद पडलं, आणि मंगळवारी सकाळी पेटीची वायर जागेवर नव्हती. तू टेबलाखाली, पलंगाखाली, कपाटामागे शोधलीस, ओट्याखालीसुद्धा. मी म्हटलं, नीट बघ, पाय फुटले नाहीत तिला. वायर माझ्या प्रार्थनेच्या कपाटात होती, पोथ्यांच्या मागे. तिथे तू हात लावणार नाहीस हे मला माहीत होतं. दुसरी वायर तू आणलीस तोवर गुरुवार उलटला होता, काम दुसऱ्याला गेलं होतं, आणि त्यानंतर त्या ऑफिसने तुला काम दिलंच नाही. संध्याकाळी बाळ आमच्या देखत म्हणाला, जिला एक यंत्र सांभाळता येत नाही ती घर काय सांभाळणार. तू ताट तसंच ठेवून उठलीस. मी ते झाकून ठेवलं, सकाळी ह्यांनी खाल्लं.

आता कारणाकडे येते. काल रविवारी बाळने तुझा कागद समोर ठेवून पेटी उघडली. बॅटरीचा उजेड मी धरला होता. तू लिहिल्याप्रमाणे आधी पंपाला कान लावला, तो बारीक गुणगुणत होता. जाळीपुढे कागदाचा कपटा धरला, वारा बरोबर बाहेर येत होता. मग यंत्राला काम लावून नळ्यांना हात लावायचा होता, तो मी लावला, माझ्या हाताला भाजत नाही म्हणून. पडद्यावर शहाण्णव, आणि दोन्ही नळ्या गार. तू लिहिलं होतंस, एक गरम आणि एक गार असेल तर पाणी अडलंय, दोन्ही गार असतील तर उष्णता पाण्यापर्यंत पोचतच नाही, तेव्हा यंत्र बंद करून तबकडी उचला. आणि त्यापुढे, मला ती कधी उचलू दिली नाही. हे शेवटचं बाळने मोठ्याने वाचलं नाही, पण ओठ हलले त्याचे.

तबकडी उचलली. तांब्यावर प्लास्टिकचा पापुद्रा होता. कांद्याच्या आतल्या सालीइतका पातळ, वरून पेस्टने माखलेला, त्यामुळे आधी दिसलाच नाही. बाळने नखाने सोलला. वितळून एका बाजूला पिवळा पडला होता. उलटसुलट करून पाहिला, आणि मग हसायला लागला. हिने प्लास्टिक काढलंच नाही, म्हणाला. एवढी शिकलेली, आणि प्लास्टिक काढायला विसरली. ह्यांना उठवून दाखवलं. हे म्हणाले, बंबाला रेनकोट घातला होता सूनबाईंनी. तू गेल्यापासून बापलेक एकत्र हसलेले मी प्रथमच पाहिले.

मी बॅटरी विझवली, एवढंच.

तू विसरली नव्हतीस. तू यंत्र जुळवत होतीस त्या दिवशी मी भाजी निवडत पलीकडे बसले होते. तू पापुद्रा सोलून टेबलाच्या कडेला लावलास, तबकडी उताणी ठेवलीस, प्रोसेसरवर पेस्ट लावलीस, आणि दाराची घंटा वाजली म्हणून गेलीस. तबकडी आरशासारखी चकाकत होती, माझं नाक दिसत होतं तीत. माझा स्वभाव तुला माहीत आहे. या घरातल्या रिमोटवर प्लास्टिक आहे, फ्रिजच्या मुठीवर आहे, वजनकाट्यावर आहे. तुमच्या लग्नाच्या गादीवरचंसुद्धा मी वर्षभर काढू दिलं नव्हतं, तुम्ही कूस बदललीत की आम्हाला पलीकडे चुरचुर ऐकू यायची. नवी वस्तू अशी उघडी पडलेली मला बघवली नाही. मी पापुद्रा उचलून परत बसवला, पट्टीने दाबून एकेक बुडबुडा काढला. त्याला एक लाल शेपटी होती, ती बाहेर लोंबत होती म्हणून कात्रीने कापली. तू आलीस आणि तबकडी बसवलीस. काढलेली गोष्ट परत लागलीय का, हे कोण बघतं.

तेव्हा मला त्यातलं काही कळत नव्हतं, देवाशपथ. पण तुला सगळंच लिहायचं ठरवून बसले आहे, तर पुढचंही लिहिते. दुसऱ्या महिन्यात तू जेवताना म्हणालीस की तबकडी आणि प्रोसेसर यांच्यामध्ये केसाएवढं काही राहिलं तरी असंच होईल, मला एकदा उचलून बघू द्या. माझ्या हातातला घास हातातच राहिला. त्या दिवसापासून मला ठाऊक होतं. बाळने स्क्रूड्रायव्हर काढून घेतला तो दुसऱ्या दिवशी, आणि मी सांगितलं म्हणून. वायरही त्यासाठीच. यंत्र बंद राहिलं तर कोणी उघडणार नाही, असं मला वाटलं. तू जाशील असं नव्हतं वाटलं. खरं म्हणजे तेही एकदोनदा वाटून गेलं.

काल बाळ पापुद्रा उजेडात धरून बघत होता. कडेला कात्रीचा सरळ काप होता. विसरलेल्या माणसाने शेपटी कापलेली नसते. त्याच्या ध्यानात आलं नाही, तुझ्या आलं असतं. तो हात धुवायला गेला तेव्हा मी तो कचऱ्यात घातला. आयुष्यात पहिल्यांदाच प्लास्टिक टाकून दिलं.

नवी पेस्ट लावून यंत्र आता एकसष्टवर चालतं. तासभर चालवलं, दोन्ही नळ्या कोमट. बाळ रात्री जेवताना स्वतःहून तुझं नाव घेऊन बोलला. म्हणाला, चुकतं माणसाकडून, एवढ्यासाठी संसार मोडायला नको होता. म्हणाला, तिने एकदा चूक कबूल केली की मी शनिवारी जाऊन घेऊन येतो. चार महिन्यांत त्याचा चेहरा असा मऊ झालेला मी पाहिला नव्हता. तू दोघींबरोबर एका खोलीत राहतेस, गॅलरीत झोपतेस, हे मला कळलंय. त्याला आज खरं सांगितलं तर तो तुला आणायला कालच्या हसऱ्या चेहऱ्याने येणार नाही. मान खाली घालून येईल, आणि आल्यावर माझं एकेक कपाट उघडेल. त्याच्या लेखी या घरात न चुकणारी एक मीच आहे. माझ्याजवळ दुसरं काही नाही. देवाला मी सगळं सांगितलं आहे. त्याने काही हरकत घेतलेली दिसली नाही.

म्हणून हे पत्र. सोबत तिकीट लावलेलं, आपला पत्ता घातलेलं एक कार्ड आहे. त्यावर तुझ्या गोल अक्षरात एकच ओळ लिही: प्लास्टिक माझ्याकडून राहिलं, माफ करा. पेन्सिलीने मी बारीक लिहून ठेवली आहे, त्यावरून शाई फिरव आणि मग पेन्सिल खोडून टाक. हे पत्र फाडायला मी सांगत नाही. जी मुलगी आम्ही असं वागवल्यावरही पेस्ट पाठवते, ती सासूचं पत्र नवऱ्याला दाखवणार नाही, एवढं मी तुला ओळखते. तुझी खुर्ची तशीच आहे, प्लास्टिकसकट. टपाल बाळ स्वतः उघडतो, तेव्हा कार्ड शुक्रवारच्या आत यायला हवं. उलट टपाली कळव.

तुझीच,
आई