मंद्रूपची नीरा

भवानी पेठ, सोलापूर
शनिवार, ता. २३ फेब्रुवारी १९७४

चि. कुंडलिक यास,

हिंदुरावचे मनापासून आशीर्वाद. इकडे आम्ही सगळी बरी आहोत. तुझ्या गाईला कालवड झाल्याचं मोहोळहून आलेल्या एका माणसाकडून कळलं. हरभरा निघाला असेल. आमच्या मिलमध्ये नवे साचे आलेत. आवाज जुन्यापेक्षा दुप्पट, कापड तेवढंच.

विजयमालाच्या लग्नाची तारीख धरली. चैत्रात, इथंच पेठेत मांडव. मुलगा मंद्रूपच्या कोंडीबांचा, शाळेत मास्तर आहे. पोरीला तो मनापासून आवडलाय. त्याचं नाव कुणी काढलं की हिची तव्यावरची भाकरी करपलीच म्हणून समज.

पण यातलं बरंचसं तुला ठाऊक आहे. बाजाराच्या दिवशी कोंडीबा तुझ्या बियाण्याच्या दुकानात येऊन गेले, तिथं काय झालं, हे मलाही ठाऊक आहे. आणि मी तुला साच्यांच्या गोष्टी सांगत बसलोय.

कोंडीबांनीच मला सांगितलं. "तुमचा मेव्हणा शिंदी पितो, पन माणूस खोटा न्हाय. मी म्हनलं, सोडा आता. त्यो माज्याकडं बघतच राहिला. मग हात जोडून म्हनला, चुकलं माझं."

तू, ज्यानं आयुष्यात चहासुद्धा घेतला नाही.

रविवारी मी कुठे जातो ते तू जाणतोस. तू विचारायचास, "दाजी कुटं गेले?" आणि तुझी आक्का वच्छला सांगायची, "भजनाला." होटगीच्या वाटेवर ओढ्याकाठी आमचं हे भजन. मिलमधलेच चार-पाच जण. प्रत्येकानं वेगवेगळ्या झाडाची शिंदी आणायची, बिरप्पानं मडक्यांची तोंडं फडक्यानं बांधून त्यांची अदलाबदल करायची, आणि आम्ही द्रोणातून घोट घोट घेऊन सांगायचं: झाड कुठलं, धार रात्रीची की दुपारची, जमीन काळी की खारवट. दोन मडक्यांच्या मध्ये फुटाणे चावून तोंड साफ करायचं. झिंगायला कुणी येत नाही; जो झिंगला त्याला पुढच्या खेपेला बोलावत नाही आम्ही. बोरामणीकडची पहिल्या घोटाला गोड लागते आणि मागून जिभेला चावते. ओढ्याच्या वरच्या अंगाची ताकासारखी आंबूस, पण गिळल्यावर गूळ ठेवून जाते. कुठली सरस यावर आमची अशी जुंपते की बघणाऱ्याला वाटावं, भावकीचा बांध फुटलाय. बिरप्पा तर नुसत्या वासावर मडकं नवं की जुनं ते सांगतो.

बघ, लिहितानाही रंगात आलो. जिथं लाज वाटायला हवी तिथंच माझी जीभ सैल सुटते. मंद्रूपला तेच झालं.

सुपारी फोडायला गेलो तेव्हा आदल्या दिवशीपासून आमचा तिथं मुक्काम होता. कोंडीबांचा थोरला भाऊ दारूनं गेला, तेव्हापासून त्या घरात दारूचं नाव काढत नाहीत. नीरा मात्र चालते. ती पाहुण्याचा मान. सकाळी उन्हं यायच्या आत त्यांच्या स्वतःच्या झाडाची नीरा आली. बाकीच्यांनी गटागट पिऊन पेले खाली ठेवले. मी पेला फिरवला, वास घेतला, घोट जिभेवर घोळवला, डोळे मिटले, आणि भर बैठकीत म्हणालो, "झाड वड्याकाठचं, जमीन खारवट. मडक्याला आतनं चुना कमी लागलाय, आंबायला टेकलीया. दुपारपातुर उन्हात ठेवा, मग बघा हिचा रंग!"

कोंडीबा म्हणाले, "येवढं कसं वो कळतं तुमाला, पाव्हणं?"

मी म्हणालो, "आमचा मेव्हणा हाय की मोहोळला. त्याला हुडकायला सारखं शिंदीच्या दुकानात जावं लागतं. ऐकून ऐकून कळतं."

गेलेल्या एखाद्या चुलत्याचं नाव घेतलं असतं तरी भागलं असतं. तुझंच का घेतलं, याचा मी फार विचार केला. तू मला खोटं पाडणार नाहीस याची मला खात्री होती. आज नव्हे, त्या क्षणीच होती. तुझ्या चांगुलपणाचा मी असा उपयोग केला.

वच्छला माजघराच्या दारात उभी होती. तिनं सगळं ऐकलं. तेव्हापासून ती मला ताट वाढते, पण बोलत नाही. कोंडीबा निरोप देताना म्हणाले होते, "मी बोलतो त्यांच्याशी. माज्या भावाला येळंवर कुनी बोललं न्हवतं." म्हणजे ते तुझ्याकडे येणार हे मला कळलं होतं. एक पोस्टकार्ड टाकलं असतं तरी तू सावध झाला असतास. मी टाकलं नाही.

अजून खरी गोष्ट राहिलीच आहे. परवा कोंडीबा याद्या करायला आले. म्हणाले, "तुमचा मेव्हणा मनानं बरा हाय, पन पोरीला मांडवात आनायला त्यो नको. अंतरपाटापाशी तिच्या पाठीशी दुसरा कुनी मामा हुबा करा." शेजारी बिरप्पा बसला होता, स्वच्छ धोतर, कपाळाला भंडारा. वच्छला त्याला भाऊबीजेला ओवाळते. कोंडीबांनी त्याच्याकडे बोट केलं. "हे मानलेले मामा हायत की. माणूस कसा सोज्वळ दिसतो!"

मी मान हलवली. कुंडलिक, मी मान हलवली.

तू लग्नाला येऊ नकोस हे लिहायला मी आज बसलो होतो. आधी वच्छलाला म्हटलं, तूच लिही. तेव्हा ती इतक्या दिवसांत पहिल्यांदा बोलली, "माज्या भावाला तुमीच सांगा." विजयमालाला यातलं काही माहीत नाही. ती मैत्रिणींना सांगते, मामा पाठीशी असला की मी रडणार न्हाय.

आज पाळी सुटल्यावर बिरप्पाकडे गेलो, लग्नातल्या फेट्याचं विचारायला. त्यानं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. म्हणाला, "मी पितो, हिंदुराव. पन कुंडलिकच्या जागी हुबा ऱ्हावं येवढी न्हाय पीत."

तिथून घरी आलो आणि आधीचा कागद फाडून हा घेतला.

उद्या सकाळच्या गाडीनं मंद्रूपला जाणार आहे. कोंडीबांना खरं सांगितलं तर सोयरीक मोडेल असंच मला वाटतं. पिणाऱ्याची मुलगी ते एक वेळ करतील, पण दुसऱ्याच्या माथी मारणाऱ्याची? पोरीला काय तोंड दाखवू? आणि न सांगितलं तर तुला काय दाखवू? जायच्या आधी हे पत्र पेटीत टाकणार आहे. स्टँडपर्यंत जाऊन मागं फिरणारा माणूस आहे मी, हे मला कळून चुकलंय.

म्हणून तुला सांगून ठेवतो. येत्या बाजाराला कोंडीबा तुझ्या दुकानात येऊन तुझी माफी मागतील. आले तर समज, मी बोललो. आले नाहीत, तर समज की माझा धीर सुटला. मग लग्नाच्या दिवशी कुणाचंही न ऐकता सरळ मांडवात ये, पोरीच्या पाठीशी उभा राहा, आणि कुणी हटकलं तर सगळ्यांसमक्ष सांग की पिणारा कोण आहे. मी नाही म्हणणार नाही. तेवढं तरी मला जमेल.

दाजी म्हणून सही करायला हात धजत नाही.

तुझ्या आक्काचा नवरा,
हिंदुराव